तुंगाबाई गिधाडीण यांना प्रोत्साहन

एका जंगलात एक गिधाडीण राहत होती. आत्तापासूनच नाकं मुरडू नका. गोष्टीत ससा असावा, हरिण असावं, फार तर एखादं कासव असावं, अशी तुम्हाला सवय लागली आहे. ती आजच्यापुरती बाजूला ठेवा. ससा गोष्टीत येतो, काहीतरी शिकतो आणि घरी जातो. पुढे तो म्हातारा होऊन मरतो, तेव्हा त्याचं काय होतं, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. मी सांगणार आहे. ज्यांचं जेवण व्हायचं असेल त्यांनी आधी जेवून यावं.

तर या गिधाडिणीचं नाव होतं तुंगाबाई. जंगलात कुणी मेलं की तुंगाबाई, तिची धाकटी जाऊ गुंजा आणि घरची बाकीची मंडळी खाली उतरायची. दुपार कलेपर्यंत फक्त हाडं उरायची, तीही लख्ख. वास नाही, माश्या नाहीत, रोगराई नाही. पाणवठ्याचं पाणी बारा महिने नितळ. काम आटोपलं की तुंगाबाई ओढ्याच्या खालच्या अंगाला जाऊन पंख घासून घासून अंघोळ करायची, कारण ती फार टापटिपीची बाई होती. तिची आई हेच काम करायची, आजीही हेच करायची.

याबद्दल जंगलात कुणी तिचे आभार मानत होतं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही अजून लहान आहात. ती डोक्यावरून गेली की हरणी पाडसांना पोटाशी घ्यायच्या. माकडिणी थू थू करायच्या. तुंगाबाईला त्याचं काही वाटत नसे. आज थू थू करणारी उद्या आपल्याकडेच यायची आहे, हे तिला ठाऊक होतं.

पाणवठ्याच्या काठावर एक उंच सादडा होता. झाड कधीच वठून गेलं होतं. अंगावर एक पान नाही, नुसत्या पांढऱ्याफटक फांद्या. ते तुंगाबाईचं दुकान. आता विचाराल, एवढं जंगल पडलंय, तर तेच झाड कशाला? तर ऐका. गिधाड म्हणजे चिमणी नव्हे. पोटभर जेवलेल्या गिधाडाला सपाट जमिनीवरून उठायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत आग्रह झालेल्या मामांसारखी गत होते. त्याला उंचावरून अंग सोडून द्यावं लागतं. हिरव्यागार झाडात त्याचे पंख अडकतात आणि पानांमुळे खाली कोण पडलंय ते दिसत नाही. म्हणून उंच हवं, मोकळं हवं आणि पाण्याजवळ हवं. असं झाड त्या जंगलात एकच होतं. त्या झाडावरून झेप घ्यायला तुंगाबाईला तिच्या आईने शिकवलं होतं. त्या झाडावर तिचा जीव होता.

एके सकाळी तुंगाबाई फांदीवर ऊन खात बसली होती, तेव्हा खालून टक्‌ टक्‌ ऐकू आलं. बुंध्याला सुतारपक्षी लटकला होता.

"काय करतोस रे?"

"झाड तोडतोय, मावशी."

"येवढं मोठं झाड? तू एकटा?"

"ठेका मिळालाय," सुतारपक्षी लाजून म्हणाला. "मेहुणा दरबारात आहे माझा."

"आन् कशापायी तोडायचं म्हनं?"

"इथं भवन होणारंय. जंगलातल्या बायका हिरवा उद्योग करतात ना, त्यांना प्रोत्साहन द्यायचं भवन."

"कोन बायका?"

"त्या अजून सापडायच्या आहेत," सुतारपक्षी म्हणाला आणि पुन्हा टकटक करू लागला.

हा काय प्रकार होता, तेही सांगतो. त्या जंगलाचे राजे वाघोबा महाराज नुकतेच सगळ्या जंगलांच्या परिषदेला जाऊन आले होते. तिथे डोंगरापलीकडच्या जंगलाच्या राणीसाहेबांनी त्यांना विचारलं, "तुमच्याकडे हिरव्या उद्योगात बायका किती?" महाराजांना प्रश्नच कळला नाही. पण राजाने कधी "कळलं नाही" असं म्हणायचं नसतं. ते म्हणाले, "भरपूर." राणीसाहेब म्हणाल्या, "छान. मग पौर्णिमेला बघायलाच येते."

हिरवा उद्योग म्हणजे काय, मुलांनो? ज्या धंद्याने जंगल उजाड होत नाही, उलट नीट राहतं, तो हिरवा उद्योग. व्याख्या इतकी सोपी असल्यामुळे दरबारात ती कुणालाच पटली नाही. शेवटी काम सचिवांकडे सोपवलं गेलं.

सचिव होते बगळेराव. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे राहून तासन्‌तास विचार करणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी भवनाची जागा ठरवली. जागा ठरल्यावर ते बायका शोधायला निघाले. मुंग्यांकडे गेले, तर एकही मुंगी बोलायला थांबेना. मधमाश्या म्हणाल्या, "कुठलीचा सत्कार करणार? आम्ही सगळ्याच राबतो," आणि बगळेरावांकडे शाल एकच होती. सुगरणीकडे मोठ्या आशेने गेले, तर कळलं की घरटं तिचा नवरा विणतो, बाईसाहेब नुसतं पसंत आहे की नाही ते सांगतात. बगळेराव फार काळजीत पडले.

आणि नेमक्या त्याच वेळी तुंगाबाई आपल्या झाडाची विनवणी करायला दरबारात आली.

"साहेब," ती म्हणाली, "त्ये पानवठ्यावरचं झाड तोडू नका."

"तुम्ही कोण? काय करता?"

"मेलेलं उचलते. साफसफाई करते."

बगळेरावांचा वर धरलेला पाय थरथरला. "म्हणजे तुम्ही बाई आहात."

"व्हय."

"आणि उद्योग करता."

"व्हय."

"आणि त्यामुळे जंगल स्वच्छ राहतं!"

"ऱ्हातं की."

आनंदाच्या भरात बगळेरावांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकले. अशी गोष्ट दरबारात पूर्वी घडली नव्हती. "अहो बाई, आम्ही तुम्हालाच तर शोधतोय! तुमच्यासाठीच भवन बांधतोय. पाणवठ्यावर मोक्याची जागा आहे. एक वाळकं झाड मध्ये येतंय, ते काढलं की झालं."

"साहेब, त्ये झाडच माझं दुकान हाय."

"बघा. दुकान म्हणून वाळकं झाड वापरावं लागतं तुम्हाला. म्हणून तर भवन हवं."

"भवन नगं मला. मला झाड ऱ्हाऊ द्या. दुसरं काय बी नगं."

बगळेरावांचे डोळे पाणावले. "किती साध्या गरजा," ते म्हणाले. "बाई, तुम्हाला प्रशिक्षणाची नितांत आवश्यकता आहे."

दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षण सुरू झालं. शिकवायला मैनामॅडम आल्या. मैनामॅडमनी आयुष्यात कुठलाच धंदा केलेला नव्हता, त्यामुळे धंद्याविषयी त्या फार ओघवतं बोलत. हजेरी सक्तीची होती, म्हणून तुंगाबाई, गुंजा आणि घरची सगळी मंडळी कामधंदा सोडून वडाखाली येऊन बसली.

"तुंगाताई," मैनामॅडम म्हणाल्या, "उद्योजिकेच्या चेहऱ्यावर कायम हास्य हवं. हसा बघू."

तुंगाबाई हसली. समोर बसलेली खार फांदीवरून खाली पडली.

"हरकत नाही," मैनामॅडम म्हणाल्या. "सरावाने जमेल. आता गजरा."

गजरा आणला. तो कुठे माळायचा, हा प्रश्न आला, कारण गिधाडाच्या डोक्यावर आणि मानेवर केस नसतात, पिसंही नसतात. मैनामॅडमनी बाभळीचा डिंक मागवला आणि गजरा चिकटवला. गुंजा हसू दाबता दाबता उचक्या देऊ लागली. तुंगाबाईलाही मनातून हसूच येत होतं. चार दिवसांचा तमाशा आहे, झाड वाचणार असेल तर गजराही सोसू, असं तिने ठरवलं.

मग मैनामॅडम मुद्द्यावर आल्या. "तुमच्या उद्योगात एक अडचण आहे, तुंगाताई. उद्योग चांगला आहे, हिरवाही आहे, पण तो फारच खरा आहे. राणीसाहेब येणार, फराळ असणार. तिथे आपण मेलेलं कसं दाखवायचं? बायकांना शोभेल असं काहीतरी हवं. आपण पानांचे आकाशकंदील करू या!"

झालं. आजूबाजूच्या पळसांची कोवळी पानं ओरबाडून आणली. हिरव्या उद्योगासाठी हिरवी पानं लागतातच, असं मैनामॅडम म्हणाल्या. दोन दिवसांत वडाभोवतीचे पळस उघडेबोडके झाले. तुंगाबाई आयुष्यभर रानगव्याचं कातडं फाडत आली होती. त्या चोचीत पळसाचं पान धरलं की त्याच्या चिंध्या व्हायच्या. तिने खूप मन लावून एक कंदील केला. तो इतका मेल्यासारखा दिसत होता की गुंजाला तो बघून भूक लागली.

"जाऊबाई," गुंजा कानात कुजबुजली, "झाडाचं इचारा की वो. त्यो सुतार रोज पोखरतोय."

तुंगाबाई उठली. "मॅडम, माझं येवढं झाड..."

"थांबा," मैनामॅडम म्हणाल्या. "तुमची मागण्याची पद्धतच चुकतेय. मान खाली घालून मागू नका. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून, ठाम आवाजात मागा."

तुंगाबाईने मान ताठ केली. मैनामॅडमच्या डोळ्यांत डोळे घातले आणि साऱ्या जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं झाड तोडू नका!"

"शाब्बास!" मैनामॅडम ओरडल्या. "बघा, किती आत्मविश्वास आला! टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मैनामॅडम पुढच्या धड्याकडे वळल्या.

इथे काही चालत नाही हे बघून तुंगाबाई थेट वाघोबा महाराजांकडे गेली. महाराज दुपारची वामकुक्षी आटोपून बसले होते. महाराज स्वभावाने वाईट नव्हते. बायकांविषयी त्यांना फार आदर होता, कारण शिकार त्यांच्या राणीसाहेबच करत.

"महाराज, मी तुंगा गिधाडीन. पानवठ्यावरचं झाड..."

"तुम्हीच का त्या? वा वा! बगळेराव, बाईंचा सत्कार करा."

शाल आली. नारळ आला. बगळेरावांनी तुंगाबाईच्या कार्याविषयी चार शब्द सांगितले, त्यात 'कार्य' हा शब्द पुष्कळदा आला आणि 'मेलेलं' हा शब्द एकदाही आला नाही.

"महाराज, पर त्ये झाड?" तुंगाबाईने शालीतून मान बाहेर काढून विचारलं.

महाराज बगळेरावांकडे वळून हळूच म्हणाले, "बाई अजून नाराज दिसतात. आणखी एक नारळ द्या."

संध्याकाळी तुंगाबाई दोन नारळ घेऊन सादड्यावर येऊन बसली. खाली सुतारपक्षी आवराआवर करत होता. बुंध्याला आता चांगली ढोली पडली होती.

"मावशी, मी होईल तितकं सावकाश करतोय," तो वर न बघता म्हणाला. "पण पौर्णिमा झाली की हत्तींना बोलावणारेत. मी पोखरून दिलं की ते ढकलणार."

तुंगाबाईला रडू आलं. गिधाडं रडत नाहीत असं एखाद्या पुस्तकात लिहिलं असेल, तर ते पुस्तक चुकीचं आहे. गुंजा तिच्याजवळ सरकून बसली.

"जाऊबाई, पल्याडच्या कड्यावर जाऊ आपन. हिथलं मेलेलं हिथलीच बघतील."

"न्हाई," तुंगाबाई म्हणाली. "आय हिथंच बसायची, या फांदीवर. म्या पयल्यांदा उडले, तवा भ्याले व्हते. तिनं मला ढकललं. म्या हिथनं जायची न्हाई."

इकडे हे चाललेलं असताना, तिकडे एक म्हातारा गवा पाणी प्यायला आला आणि सादड्यापासून थोड्या अंतरावर आडवा झाला तो उठलाच नाही. एरवी दुपारपर्यंत त्याचा मागमूस राहिला नसता. पण तुंगाबाईच्या घरचे सगळे प्रशिक्षणात अडकले होते. एक दिवस गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. माश्या आल्या. पाणवठ्यावर येणारी जनावरं श्वास कोंडून पाणी पिऊ लागली. माकडांची पोरं खोकू लागली.

"साहेब, आमी जाऊन उचलून येतो," तुंगाबाई बगळेरावांना म्हणाली.

"छे छे. गजरा खराब होईल. आणि तुमचा उद्योग आता कंदिलांचा आहे." बगळेरावांनी गव्याभोवती केवडा पसरवला. मग वास आला तो केवड्यात मेलेल्या गव्याचा, आणि तो आधीच्यापेक्षा वाईट होता.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. पाणवठ्याच्या काठावर मंडप घातला होता, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे गव्याचा वास येणार नाही असा. आंब्याच्या डहाळ्या तोडून तोरणं बांधली होती. व्यासपीठावर तुंगाबाई बसली होती. डोक्यावर गजरा, अंगावर शाल, समोर पानांच्या चिंध्यांचे कंदील. पलीकडे सादडा उभा होता आणि त्याच्या सावलीत दोन हत्ती कार्यक्रम संपायची वाट बघत होते.

डोंगरापलीकडच्या राणीसाहेब आल्या. भारदस्त वाघीण. बोलणं मोजकं. त्या आल्याबरोबर महाराजांनी उद्घाटनांना सुरुवात केली. आधी मंडपाचं उद्घाटन केलं, मग रांगोळीचं, मग पाण्याच्या माठाचं. माठावर महाराजांचं नाव कोरलेलं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, हरणांच्या जिभा बाहेर आल्या होत्या, तरी कुणी त्या माठाजवळ जात नव्हतं. एका पाडसाने नुसतं तोंड पुढे केलं, तर पहारेकऱ्याने त्याला हाकललं. महाराजांच्या नावाला धक्का लागेल म्हणाला. तुंगाबाई बसल्या बसल्या हे बघत होती.

बगळेरावांचं भाषण सुरू झालं आणि वारा फिरला.

राणीसाहेबांनी नाक वर केलं. "हा वास कसला?"

"हिरवळीचा," महाराज म्हणाले.

"हिरवळ मेली आहे का?"

महाराजांच्या मिशा पडल्या. त्यांनी बगळेरावांकडे असं पाहिलं की बगळेराव भाषण अर्धवट टाकून तुंगाबाईजवळ आले आणि पंखाआडून म्हणाले, "बाई, तेवढं ते... म्हणजे तिकडचं ते... उचलता का लगेच?"

मुलांनो, नेहमीच्या गोष्टीत इथे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. नायिका उठून उभी राहते आणि म्हणते, "आधी माझं झाड द्या, मगच काम करीन." मग राजाचे डोळे उघडतात. तुंगाबाईचीही चोच उघडली होती. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तिला आठवलं, पहिल्यांदा मागितलं तेव्हा प्रशिक्षण मिळालं. मग टाळ्या मिळाल्या. मग नारळ. आता चौथ्यांदा मागितलं तर ही मंडळी आणखी काय देतील, याची तिला खरोखर भीती वाटली.

तिची नजर माठावर गेली. मग सादड्यावर गेली. तिने चोच मिटली आणि प्रशिक्षणात शिकवलेलं हास्य केलं.

"उचलते की, साहेब," ती गोड आवाजात म्हणाली. "पर उद्घाटन झाल्याबिगर कामाला हात कसा लावू? माठाचं बी उद्घाटन व्हतं, आन् माझ्या धंद्याचं न्हाई? महाराजांचा मान ऱ्हायला पायजे."

बगळेराव पांढरे होतेच, ते आणखी पांढरे झाले. "अरे देवा! मुख्य उद्घाटन राहिलंच की! बाई, बरं झालं आठवण केलीत. कुठे करायचं?"

"त्या वाळक्या झाडाशी करा. काम तिथंच हाय. आन् झाडावर महाराजांचं नाव कोरा. मोठ्ठं. लांबनं दिसंल असं."

सुतारपक्ष्याला हाक मारली. त्याने आयुष्यात कधी इतक्या झपाट्याने काम केलं नव्हतं. हत्ती बाजूला झाले. बघता बघता सादड्याच्या बुंध्यावर ठसठशीत अक्षरं उमटली: 'हरित महिला उद्योग भवन. वाघोबा महाराज यांच्या शुभहस्ते.' गुळवेलीची फीत बांधली. महाराजांनी एका पंजाने नाक दाबून दुसऱ्या पंजाने फीत तोडली. नारळ तुंगाबाईनेच दिला, तिच्याकडे दोन होते.

मग तिने शाल घडी घालून बगळेरावांच्या हातात दिली आणि गुंजाला हाक मारली. दोघी सादड्याच्या शेंड्यावर गेल्या. बाकीची मंडळी मागोमाग आली. क्षणभर सगळ्या फांद्या काळ्या झाल्या. आणि तुंगाबाईने अंग सोडून दिलं.

ते रुंद पंख असे उघडले की मंडपातल्या हरणी पाडसांना पोटाशी घ्यायचं विसरल्या. पुढचं तपशिलात सांगत नाही, तुम्ही मघाशी जेवला आहात. एवढंच सांगतो की फराळाची पानं मांडून होईपर्यंत काठावर गव्याची स्वच्छ पांढरी हाडं तेवढी उरली होती. वारा पुन्हा फिरला, आणि आता त्यात ओल्या मातीचा आणि आंब्याच्या पानांचा वास होता. कुणी सांगितलेलं नसताना एका म्हाताऱ्या माकडिणीने टाळी वाजवली.

राणीसाहेब कितीतरी वेळ उभ्या राहून बघत होत्या. "मी हे बघायला आले होते," त्या म्हणाल्या.

"भेट म्हणून एक कंदील..." बगळेराव म्हणाले.

"नको." त्या ओढ्यावर अंघोळ करणाऱ्या तुंगाबाईकडे गेल्या. "बाई, आमच्या जंगलात येता का? आमच्याकडे एकही गिधाड राहिलं नाही."

"का वो, काय झालं त्यास्नी?"

राणीसाहेबांनी मान खाली घातली. "आम्ही त्यांना फार प्रोत्साहन दिलं."

"न्हाई बाईसाहेब, माझं दुकान हिथं हाय," तुंगाबाई म्हणाली. "पर मेलेलं फार साठलं तर सांगावा धाडा. येऊन करून जाऊ."

पाहुणे गेल्यावर बगळेराव भवनाचं काम पुढे न्यायला पाणवठ्यावर आले. हत्ती सादड्याला डोकं लावणार, एवढ्यात बगळेरावांनी बुंध्यावरचं नाव वाचलं. महाराजांच्या नावासकट झाड पाडायला सांगणार कोण? ते एका पायावर उभे राहिले आणि त्यांनी दिवसभर विचार केला. दुसऱ्या दिवशी दरबारात जाहीर झालं की भवन पूर्ण झालं असून ते उंच, हवेशीर आणि संपूर्ण लाकडी आहे. सुतारपक्ष्याला त्या झाडाची राखण करायचा ठेका मिळाला. तेही काम तो सावकाशच करतो आणि स्वतःच पाडलेल्या ढोलीत बायकापोरांसकट राहतो.

हळूहळू ही युक्ती जंगलातल्या बाकीच्या बायकांना समजली. रानडुकरिणीचं चिखलाचं डबकं बुजवून तिथे बगीचा होणार होता. ती दरबारात रडतभेकत गेली नाही, महाराजांना डबक्याच्या उद्घाटनाला बोलावून आली. मधमाश्यांनी पोळं असलेलं मोहाचं झाड वाचवलं, मुंग्यांनी वारूळ वाचवलं. महाराज सकाळ-संध्याकाळ फिती तोडत फिरू लागले. त्यांचा वेळ फार आनंदात जातो आणि बायकांसाठी आपण केवढं करतो याची त्यांना धन्यता वाटते. नव्या योजना काढायला त्यांना फुरसतच होत नाही, त्यामुळे जंगल पुन्हा हिरवं होऊ लागलं आहे.

आणि तुंगाबाई? ती रोज सकाळी महाराजांच्या नावाच्या वर, आईच्या फांदीवर ऊन खात बसते आणि खाली कोण पडलंय ते बघते.

तात्पर्य: मुलींनो, आपल्याला काय हवंय ते मोठ्या माणसांना सरळ सांगू नये. सरळ सांगणाऱ्या बाईला प्रशिक्षण मिळतं. जे वाचवायचं असेल त्यावर त्यांचं नाव कोरून घ्यावं आणि हसऱ्या चेहऱ्याने फीत पुढे करावी. आणि मुलांनो, मोठेपणी तुम्ही बायकांना प्रोत्साहन द्यायला निघाल, तेव्हा काहीही द्या, पण तुम्हाला काय हवंय असं चुकूनही विचारू नका. नाहीतर ते द्यावं लागतं.